रुमालाखालची दहा वर्षं

विजयनं मला फसवलं. मला, रफिकला आणि माझ्या मायला. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढं मी कुणाबद्दल गोड बोलतोय आणि कुणाबद्दल नाही, याचा अंदाज बांधत बसावं लागणार नाही. मी आयुष्यभर भाव करत आलो. रिकाम्या पोत्यांपासून सुरुवात केली आणि आज लातुरात माझी स्वतःची गोदामं आहेत. या खटाटोपात पुष्कळदा स्वस्तात विकलं, महागात घेतलं, तोंडावर आपटलो. त्याला फसणं म्हणत नाहीत, धंदा म्हणतात. दिलेला शब्द समोरचा माणूस हसत हसत गिळतो तेव्हा ते फसणं, आणि तसा मी एकदाच फसलो. घरचे म्हणतात, आता सोडा, वय झालं, बीपीची गोळी चालू आहे. गोळी मी वेळेवर घेतो. सोडत मात्र नाही.

आमचं घर गंजाच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागच्या गल्लीत होतं. दगडमातीच्या जाड भिंती, वर लाकडी सरांवर अंथरलेलं मातीचं माळवद. उन्हाळ्यात बाहेरून आत शिरलं की डोक्यावर कुणी ओला हात ठेवल्यासारखं वाटायचं. अप्पा बाजारात तोलार होते. पहिलं पोतं काट्यावर चढलं की ते 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणायचे, आणि ती सवय घरातही सुटायची नाही. मायनं पहिली भाकरी ताटात टाकली की अप्पा म्हणायचे, "लाभ." माय म्हणायची, "दुसरी मागू नगा, पीठ सरलंय," आणि दुसरी टाकायची. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वर करडईच्या तेलाची धार. एवढ्यावर आम्ही वाढलो. माय निलंग्याच्या पलीकडची, अगदी कर्नाटकाच्या शिवेवरची. आमच्याशी मराठीत बोलायची, पण भाकरी थापताना, एकटी असताना, किंवा राग गिळायचा असला की कानडीत पुटपुटायची. तिची कानडी आम्हा कुणालाच धड येत नव्हती. ती एकटीची भाषा होती आणि तिच्याशी त्या भाषेत बोलणारं लातुरात कुणी नव्हतं, हे माझ्या ध्यानात फार उशिरा आलं.

संध्याकाळी आम्ही तिघं एकत्र असायचो. रफिकचे वडील पत्र्याचे डबे, फनेल, बादल्या करायचे. त्यांच्या दुकानाच्या फळीवर रफिक लोकांचे बिघडलेले रेडिओ उघडून बसलेला असे. विजय हा आडत दुकानाच्या सेठचा एकुलता एक मुलगा. त्याच्या अंगावर कायम इस्त्रीचा शर्ट, आणि खिशात कंगवा. गल्लीच्या तोंडाशी दिव्याखाली कॅरम, स्टँडवर चहा, कुणाकडं लग्नकार्य असलं की भाड्यानं आणलेला व्हिडिओ. आमची करमणूक म्हणजे इतकंच. तिघांपैकी कुणीच समुद्र पाहिला नव्हता. विजय सारखा म्हणायचा, एकदा समुद्राच्या गावाला जाऊ, तिथं लोक संध्याकाळी नुसते हिंडायला बाहेर पडतात. मग रफिक रेडिओचा काटा दोन स्टेशनांच्या मधे नेऊन सोडायचा आणि त्या खरखरीला कान लावून म्हणायचा, "सुनो मियाँ. ये समुंदर है." आम्ही खरंच गप्प बसून ती खरखर ऐकायचो.

पोत्यांच्या धंद्यासाठी मी उदगीरला जायला लागलो होतो. तिथं बसवणप्पा नावाचे बैलबाजारातले म्हातारे दलाल होते. त्यांच्या ओसरीत मी जुनी पोती बघायला गेलो आणि कोपऱ्यात पोत्याखालून एक पितळी कर्णा डोकावताना दिसला. चावीचा ग्रामोफोन. सोबत तबकड्यांची पेटी, त्यात हिंदी, मराठी आणि थोड्या कानडी तबकड्या. मी भाव विचारला. म्हाताऱ्यानं खांद्यावरचा रुमाल काढला, आपल्या हातावर टाकला आणि मला खुणावलं, हात आत घाल. जनावरांच्या बाजारात सौदा असाच होतो. भोवती माणसं उभी असतात, त्यांना कळू नये म्हणून रुमालाखाली बोटं धरायची. एक बोट धरलं तर एक, सगळा पंजा धरला तर पाच. पटलं की समोरच्याचा अंगठा दाबायचा, नाही पटलं तर हात काढून घ्यायचा. त्यांच्या ओसरीत तेव्हा आम्हा दोघांशिवाय एक मांजर होतं, तरी म्हाताऱ्याला उघड्यावर भाव करणं जमत नव्हतं. त्यांनी मला बोटं शिकवली, माझ्याशी घासाघीस केली आणि शेवटी अंगठा दाबला. निघताना म्हणाले, "तोंडचं फिरवता येतंय, पोरा. बोटाचं फिरवायचं नसतंय. कामून, तर त्याला साक्षीदार नसतोय."

मी तो ग्रामोफोन एसटीच्या टपावर चढू दिला नाही. मांडीवर घेऊन आलो. लातूरला पोचेपर्यंत मांड्या बधिर झाल्या होत्या. रफिकनं स्प्रिंगला तेल दिलं, कर्ण्याचा पोचा काढला, आणि त्या फोननं, आम्ही ग्रामोफोनला नुसतं फोनच म्हणायचो, आमची संध्याकाळ पालटली. कॅरम भिंतीला टेकला. मी दोघांनाही बोटांची भाषा शिकवली, आणि आज चहा कुणी पाजायचा, कुठली तबकडी आधी लावायची, असले सौदे आम्ही अप्पांच्या उपरण्याखाली करायला लागलो. रफिक नेहमी हसून हरायचा. विजय मात्र पटकन शिकला. आणि एका संध्याकाळी कानडी तबकडी लागली. कुणी अनोळखी बाई, बारीक आवाजात, जो जो म्हणत होती. माय पीठ मळताना थांबली, पिठाच्या हातानंच दारात आली आणि तबकडी संपेपर्यंत उंबऱ्यावर उभी राहिली. संपल्यावर इतकंच म्हणाली, "माझ्या आईचं हाय हे." तिथून पुढं रोज दिवेलागणीला ती एक तबकडी लावल्याशिवाय आमच्या घरात भाकरी ताटात पडली नाही.

मग भूकंप झाला. गणपती पाण्यात सोडून दमून झोपलेल्या पहाटे जमीन हलली. लातूर शहर तसं उभं राहिलं. किल्लारीकडचं, औशाकडचं, निलंग्याकडचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, आणि ज्यांनी तिथं हातानं दगड उपसले त्यांनीच ते लिहावं. मी आमच्या गल्लीपुरतं लिहितो. मायनं त्या दिवसापासून माळवदाखाली पाऊल ठेवलं नाही. तिच्या माहेरच्या गावात अशीच माळवदं होती, आणि ती माणसांवर कशी आली ते तिनं तिकडून आलेल्यांच्या तोंडून ऐकलं होतं. तिनं चूल अंगणात आणली, तिथंच निजली. नुसती तीच नाही, अख्खं शहर बाहेर निजत होतं. आज माझी नात मैत्रिणींबरोबर बाहेर गेली की 'नाइट आउट' म्हणते. मला हसू येतं. आमचं सगळं गावच कित्येक आठवडे नाइट आउटला होतं आणि घरी जायची कुणाची छाती होत नव्हती.

वीज जायची, लोक जमिनीला कान लावून बसायचे. चावीच्या ग्रामोफोनला वीज लागत नव्हती. पहिल्या संध्याकाळी मी तो बाहेर आणला तेव्हा शेजारची एक म्हातारी अंगावर आली, माणसं मेली आणि तुला गाणी सुचून राहिलीत का. मी झाकून ठेवला. तिसऱ्या-चौथ्या संध्याकाळी तीच म्हातारी म्हणाली, "लाव रे काहीतरी. हे पोरगं सारखं जमिनीकडंच बघून राहिलंय." मग रोज दिवे लागायच्या वेळी गोदामामागच्या मोकळ्या जागेत गल्ली जमायला लागली. ती जागा विजयच्या वडिलांची. भुसकट आणि फुटकी पोती टाकायची जागा होती, तेव्हा तिला कुणी फुकट घेतली नसती. कुणी मुरमुऱ्यांचा सुशीला करून आणायचं, कुणी भजी. कॅरम पिंपावर मांडला. कुणी मधेच रडायला लागलं तर तबकडी थांबवायची आणि त्याचं झालं की पुन्हा सुरू करायची, असं न ठरवता ठरलं होतं.

परतीचा पाऊस आला तेव्हा प्रश्न आला. माय भिजत बसायची, पण घरात यायची नाही. शेवटी रफिक म्हणाला, पत्र्याखाली बसेल का? पत्रा पडला तर खोक पडते, माणूस मरत नाही. मायनं विचार करून होकार दिला. मग आम्ही शेड बांधायचं ठरवलं. बांबू मी आणले, पत्रे रफिकनं वडिलांच्या हातापाया पडून आणले, खड्डे तिघांनी खणले. विजयचे हात तेव्हा पहिल्यांदा फुटले. शेड उभं राहिलं तेव्हा मी आत उभा राहून वर बघितलं आणि माझ्यातला बाजार जागा झाला. जागा दुसऱ्याची आणि पत्रे आमचे, हे मला पटेना. विजयच्या वडिलांनी सगळा रिकामा पसारा त्याच्यावर सोपवला होता, त्यामुळं बोलायचं ते त्याच्याशीच. आणि विजयला काय हवंय ते मला पक्कं माहीत होतं. तो कर्ण्यावरनं हात फिरवायचा तसा मी कुणाला बैलाच्या पाठीवरनंही फिरवताना पाहिलेला नाही.

मी म्हणालो, "फोन तुझा. जागा आमची. किती वर्षं, ते हातात बोलू."

मायच्या चुलीसमोर, रफिकच्या देखत, मी अप्पांचं उपरणं हातावर टाकलं. विजयनं हात घातला. त्यानं एक बोट धरलं, मी झटकलं. त्यानं तीन धरली. मी त्याचा सगळा पंजा धरला, सोडला, पुन्हा धरला. दहा वर्षं. तो माझ्याकडं बघत राहिला, मग कर्ण्याकडं बघितलं, आणि माझा अंगठा दाबला. रफिक विचारत होता, किती, किती झालं. आम्ही सांगितलं नाही. न सांगण्यातच गंमत होती. त्या संध्याकाळी मला वाटलं, मीच त्याला लुबाडलं. भुसकटाची जागा दहा वर्षं आमची, आणि त्याच्या नावावर गेलेला फोन तरी शेडमधेच राहणार होता.

तोवर दुसरीच लाट आली. आधी एखाददुसरा मास्तर घरी शिकवणी घेत होता. बघता बघता खेड्यापाड्यातनं, पार नांदेड-परभणीकडून पोरं ट्रंका घेऊन उतरायला लागली. ज्याच्याकडं रिकामी खोली तो क्लासवाला किंवा खोलीवाला झाला. भिंतींवर पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो लागले. ज्या शहरात लोक छताला भीत होते तिथं एकेका छताखाली शंभर शंभर पोरं बसायला लागली. मी त्याला नावं ठेवत नाही. माझा मुलगा त्यातूनच इंजिनिअर झाला. पण दोन पावसाळे झाले नव्हते आणि एका संध्याकाळी मी लातूरजवळच्या मुरुडहून आलो, तर शेडला नवं दार. आमचा कॅरम बाहेर भिंतीला लावलेला. आत बाकं, फळा. फोन आणि तबकड्यांची पेटी नव्हतीच.

मायला हे कुणी सांगितलं नव्हतं. ती रोजच्यासारखी बसायला पाट घेऊन गेली होती. विजय दारातच होता. तो म्हणाला, "काकू, इथं आता पोरं अभ्यास करून राहिलीत. आवाज नको." माय म्हणाली, बरं बाबा, आवाज नको, ती एक तबकडी मला घरी दे, मी फोनाबिगर नुसती जवळ ठेवीन. त्यानं बघतो म्हणून दार लावलं. आतली बॅच सुटेपर्यंत माय पाट काखेत धरून बाहेर उभी होती. तिला वाटलं, तो आणायला गेलाय.

मी पोचलो तेव्हा ती तशीच उभी होती. मला जे काही झालं ते मी लपवत नाही. मी विजयला गचांडी धरून फळ्यावर नेऊन आदळलं. अप्पा आणि दोन हमाल मधे पडले म्हणून तो वाचला. मी ओरडत होतो, दहा वर्षांचा सौदा झाला होता. त्यानं कॉलर सरळ केली, केसातनं कंगवा फिरवला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "कसला सौदा, मन्मथ? उपरण्याखाली पोरखेळ चालला होता. काय दाबलं ते कुणी बघितलंय का?"

मी म्हणालो, मग फोन आण.

"फोन तू मला भेट दिलास," तो म्हणाला. "विचार रफिकला."

रफिकनं उपरणं पाहिलं होतं, बोटं पाहिली नव्हती. 'फोन तुझा' हे मात्र त्यानं माझ्याच तोंडून ऐकलं होतं. तो मान खाली घालून उभा राहिला आणि मी त्याच्याशीसुद्धा वर्षभर बोललो नाही. आज कळतं, विजय बोटं आमच्याइतकीच चांगली शिकला होता. बसवणप्पांनी बोटांबरोबर जे शिकवलं, ते त्याच्यापर्यंत पोचलं नव्हतं. बैलबाजारात असं करणाऱ्याच्या हाताला पुन्हा कुणी हात लावत नाही. क्लासच्या बाजारात त्याची शाखा नांदेडला निघाली.

माय त्यानंतर पुन्हा माळवदाखाली निजायला लागली. भीती गेली म्हणून नाही. दुसरी जागाच नव्हती. शेवटच्या आजारात ती मराठी विसरली. कानडीतच बोलायची, आणि आम्ही सगळे तिच्या खाटेभोवती परक्यासारखे बसून राहायचो. मी हैदराबादपासून सोलापूरपर्यंतचे जुने बाजार पालथे घातले. तसली तबकडी मिळाली नाही.

गेल्या वर्षी रफिकच्या मोबाइलवर विजयचा कॉल आला. विजयनं मुंबईत समुद्रासमोर घर घेतलंय, तो ग्रामोफोन तिथं आहे आणि त्याची स्प्रिंग तुटली आहे. येशील का, येताना मन्मथलाही आण, जुन्या गोष्टी झाल्या-गेल्या. मी जाणार नव्हतो. रफिक म्हणाला, "चल ना रे. समुंदर तो देखेंगे." दोघेही साठी ओलांडलेले. स्टेशनवरून आधी समुद्रावर गेलो. भरतीची वेळ होती, माणसांची जत्रा होती, जोडपी, फुगेवाले, कणसंवाले. रफिकनं डोळे मिटून बराच वेळ ऐकलं. मग माझं मनगट धरून म्हणाला, "वोईच है रे. वोईच आवाज है." मला तेव्हा विजयची आठवण आली, कंगवा असलेल्या त्या पोराची, आणि मी जवळजवळ मऊ पडलो होतो.

रफिकनं दुपारी स्प्रिंग बसवली. संध्याकाळी पाहुणे आले. विजयच्या नव्या मित्रांची ही दर महिन्याची बैठक. ते तिला रेट्रो नाइट म्हणतात. काचेच्या टेबलावर कॅरम, जुने कॅमेरे, जुने रेडिओ, खिडकीत समुद्र, आणि मधे चकचकीत केलेला माझा कर्णा. विजय सगळ्यांना सांगत होता, हा माझ्या आजोबांनी निजामाच्या काळात हैदराबादहून आणला. रफिकनं माझा गुडघा दाबला, म्हणाला, "नक्को." मग विजयनं तबकडी लावली. बारीक आवाजात ती बाई जो जो म्हणायला लागली. कुणीतरी हसत विचारलं, कुठली भाषा आहे ही? विजय म्हणाला, काय माहीत, गावाकडचं काहीतरी.

मी उठलो. खांद्यावरचं उपरणं हातावर टाकलं आणि त्याच्यासमोर धरलं. म्हणालो, "विजय, हात घाल."

पाहुणे गोळा झाले. त्यांना वाटलं, खेळ आहे. विजय हसला, सगळ्यांकडं बघितलं, आणि त्याला हात घालावाच लागला. त्याचा हात गार होता. मी त्याचा पंजा धरला, सोडला, पुन्हा धरला आणि थांबलो. हसू त्याच्या तोंडावर तसंच होतं, पण तो माझ्याकडं बघेना. तबकडी संपली, सुई नुसती घासत राहिली. आणि मग उपरण्याखाली त्यानं माझा अंगठा दाबला. घट्ट.

लगेच हात काढून घेत तो पाहुण्यांना म्हणाला, "आमच्याकडचा जुना खेळ आहे हा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. रफिक विचारत होता, क्या बोला, क्या बोला तो. मी पेटीतनं ती तबकडी उचलली नाही. चोरासारखी न्यायची नव्हती मला. आम्ही निघून आलो.

तर विजय, हे तुझ्यासाठी. हे लिहिलेलं पुस्तकात छापून तुझ्या मुंबईच्या घरी पोचेल, याची व्यवस्था मी करणार आहे. उपरण्याखाली तू कबूल केलंस, दोनदा केलंस, आणि दोन्ही वेळा कुणाला दिसणार नाही याची खात्री करून केलंस. आता उपरणं नाही. तुझ्या त्या पाहुण्यांना बोलाव आणि समुद्राकडच्या खिडकीत उभा राहून उघड्या तोंडानं सांग, तो फोन कुणी, कुठून, मांडीवर घेऊन आणला होता, आणि ती भाषा कुणाच्या आईची आहे. आणि माझी माय काखेत पाट धरून तुझ्या दाराबाहेर उभी होती, तेव्हा दाराच्या आत तू काय करत होतास, तेही सांग.